परसांतील खोलीस भूमीखालून वीज

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या राहणींत जे फरक झाले, त्यांपैकीं एक सहज डोळ्यांत भरण्याजोगा आहे. मूळ घराच्या मागें, परसांत किंवा गोठ्याच्या अंगास, एक सुटी खोली उभी राहते. कोठें ती कॉलेजांत शिकणाऱ्या मुलाच्या अभ्यासाची असते, कोठें रात्रीच्या पाळीस उसाला पाणी देऊन आलेल्या गड्याच्या विसाव्याची, तर कोठें कडबाकुट्टीचें यंत्र व दुधाच्या किटल्या ठेवण्याची. खोली बांधतांना पाया किती घ्यावा, पत्रा घालावा कीं स्लॅब टाकावा, याचा खल महिनाभर चालतो. वीज मात्र शेवटच्या दिवशीं आठवते. मग घराच्या खिडकींतून एक तार निघते, कडुलिंबाच्या फांदीवरून व धुणें वाळत घालण्याच्या दोरीच्या शेजारून लोंबत लोंबत खोलींत शिरते, आणि ‘तूर्त एवढ्यावर भागवूं’ असें म्हणून यजमान मोकळे होतात. हें तूर्त पांच-पांच वर्षें चालतें.

अशी तार जमिनीखालून न्यावी, हें सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. परंतु जमिनीखालून नेणें म्हणजे नुसती पुरणें नव्हे. उघड्या तारेंतील दोष निदान डोळ्यांस दिसतो; पुरलेल्या तारेंतील दोष माती झांकून टाकते, आणि तो प्रकट होतो तो बहुधा कोणाच्या तरी जिवावर बेतल्यावरच. सबब या कामांत सारा विचार पहिलें कुदळ मारण्याच्या आधीं व्हावयास पाहिजे. तो कोणत्या क्रमानें करावा, तें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

आमच्या घरची हकीकत

आमच्याच घरची हकीकत आधीं सांगतों, म्हणजे दुसऱ्यास चार गोष्टी सांगण्याचा अधिकार आम्हांस कोणत्या किंमतीनें मिळाला तें कळेल. आमच्या वस्तीवर घरापासून सुमारें दोनशें फुटांवर गोठा व त्यास लागून एक खोली आहे. तेथें वीज नेतांना आम्हीं काटकसर केली. घराच्या भिंतींत वापरतात तीच साधी तार आणली, काळ्या प्लास्टिकच्या नळींत ओवली, आणि वीतभर चर खणून त्यांत पुरली. दोन वर्षें कांहीं झालें नाहीं, आणि आमची काटकसर सर्वांस शहाणपणाची वाटली.

तिसऱ्या वर्षीं वैशाखांत काळी जमीन फाटली. भेगांबरोबर नळीही ओढली गेली, आणि गोठ्याच्या लोखंडी खांबापाशीं तिची धारदार कड तारेवर घासूं लागली. मृगाचा पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळीं त्या खांबाला बांधलेली आमची दोन वर्षांची कालवड एकाएकीं कोसळली. गडी तिचें दावें सोडावयास धांवला. आमच्या मातोश्रींनीं ओरडून त्यास जागच्या जागीं थांबविलें व घरांत जाऊन मेन स्विच पाडला, म्हणून माणूस वाचला. कालवड गेली. विशेष हें कीं, घरांतील फ्यूज शाबूत होता. या सर्व प्रकाराचा त्यास पत्ताही लागला नव्हता. असें कां झालें, याचा उलगडा पुढें अर्थिंगचें प्रकरण येईल तेव्हां करूं.

पुरलेली चूक महाग पडते, हा धडा मोठमोठ्यांनींही पैसे मोजूनच घेतला आहे. अमेरिकेंत मोर्स यांनीं वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही तारायंत्राची वाट घालावयास घेतली, तेव्हां तारा शिशाच्या नळींतून जमिनींत पुरण्याचा बेत होता. कांहीं मैल काम झाल्यावर आंतील वेष्टण सदोष असल्याचें आढळून आलें. तो बेत सोडून तारा खांबांवर चढवाव्या लागल्या, आणि मग १८४४ सालीं तारायंत्र सुरू झालें. उलट एडिसन यांनीं १८८२ सालीं न्यूयॉर्क शहराच्या एका भागास वीज पुरविली ती रस्त्यांखालूनच. तांब्याच्या कांबी लोखंडी नळ्यांत घालून त्यांच्या भोंवतीं डांबरी जातीचें वेष्टण ओतलें होतें. दोन्ही ठिकाणीं जमीन ती जमीनच. वेष्टण कसें होतें आणि पुरण्यापूर्वीं तें किती पारखलें होतें, यावर सारें ठरलें.

आधीं मीटर कोणता तें ठरवा

आपल्या जिल्ह्यांत हा प्रश्न विशेष कां उद्भवतो, तें थोडें पाहूं. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेच्या कालव्यांखालीं ऊस पिकूं लागला, आणि पुष्कळ शेतकरी गांवठाण सोडून शेतांतील वस्तीवर राहावयास गेले. पुढें १९६९ सालीं ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघालें, आणि त्याच्या साह्यानें देशांत ज्या पहिल्या पांच ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यांत श्रीरामपूरची मुळा-प्रवरा ही एक होती. राहुरी-श्रीरामपूरच्या बाजूस वस्तीवस्तीवर वीज पोंचली ती बहुतांशीं या संस्थेच्या हातून. ३१ जानेवारी २०११ रोजीं तिचा परवाना संपला व दुसऱ्या दिवसापासून तो मुलूख महावितरणकडे गेला.

वस्तीवर बहुधा दोन जोडण्या असतात: एक घरची, दुसरी विहिरीवरील पंपाची. परसांतील खोली पुष्कळदां विहिरीस जवळ पडते, म्हणून पंपाच्या पेटींतून दोन तारा ओढण्याचा मोह होतो. हा मोह टाळावा. एक तर शेतीपंपांच्या वाहिनीस वीज पाळीपाळीनें येते. आठवड्यांतून कांहीं दिवस ती रात्रीं असते, कांहीं दिवस दिवसा. अशा विजेवर मुलाचा अभ्यास चालणार नाहीं, आणि बिबट्याच्या भयानें गोठ्यापुढें जो दिवा रात्रभर पेटत राहावा तोही नेमका नको तेव्हां विझेल. दुसरें असें कीं, पंपासाठीं दिलेली वीज अन्य प्रयोजनास वापरणें हा २००३ च्या वीज कायद्याच्या १२६ व्या कलमाप्रमाणें अनधिकृत वापर ठरतो, आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीनें होते. तेव्हां खोलीस वीज घ्यावयाची ती घरच्या मीटरवरून. मंजूर भारापेक्षां वापर वाढणार असेल तर तसा अर्ज आधीं द्यावा. खोलींत पिठाची गिरणी किंवा वेल्डिंगचा धंदा काढावयाचा असेल, तर त्याची जोडणी निराळी मागावी लागेल, हेंही आधींच विचारून घ्यावें.

येथेंच एक गोष्ट स्पष्ट सांगतों. डुकरें किंवा बिबट्या यांच्या भयानें या तारेवरून कुंपणांत वीज सोडण्याचा विचार कोणीं स्वप्नांतही आणूं नये. त्यांत श्वापदाआधीं शेजाऱ्याचें लेंकरूं सांपडतें, आणि पुढें जन्मभर तुरुंगापेक्षां मनाची शिक्षा मोठी होते.

तार किती जाड घ्यावी

यानंतर भाराचा हिशेब. खोलींत व गोठ्यांत मिळून चार दिवे, दोन पंखे, एखादा संगणक व किरकोळ उपकरणें धरलीं तर सुमारें ५ अँपिअर प्रवाह लागेल. कडबाकुट्टीस २ अश्वशक्तीची एकफेजी मोटार असेल तर तिला सुमारें १० अँपिअर. एकूण १५. घर ते खोली अंतर २०० फूट, म्हणजे सुमारें ६० मीटर. वीज जाऊन परत यावयाची असल्यामुळें तारेची लांबी १२० मीटर धरली पाहिजे. पुष्कळ लोक नेमकें येथेंच चुकतात.

आतां तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची तार घातली तर या लांबींत सुमारें १३ व्होल्टची तूट येते. सहा चौरस मिलिमीटरची घातली तर ती साडेपांचावर उतरते. २३० व्होल्टांतून १३ व्होल्ट गेले तर काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. परंतु मोटार सुरू होण्याच्या क्षणीं नेहमींच्या पांच-सहा पट प्रवाह ओढते. त्या क्षणीं बारीक तारेंत पन्नास व्होल्टांहून अधिक तूट पडते, आणि आपल्याकडे संध्याकाळीं व्होल्टेज मुळांतच खालीं आलेलें असतें. मग मोटार घुंघुं करीत जागीं थांबते, वेटोळें तापतें, आणि एक दिवस जळतें. तारेंत वांचविलेले पैसे मोटार भरावयास जातात. अंतर दुप्पट झालें तर तूटही दुप्पट होते. तेव्हां चारशें फुटांवरील खोलीस दोनशें फुटांची तार पुरेल असें समजूं नये.

तांबें महाग वाटल्यास अॅल्युमिनिअम घेण्यास हरकत नाहीं. सहा चौरस मिलिमीटर तांबें आणि दहा चौरस मिलिमीटर अॅल्युमिनिअम यांचा विरोध सारखाच भरतो. मात्र अॅल्युमिनिअम मऊ असल्यामुळें व त्याच्यावर हवेनें पापुद्रा धरत असल्यामुळें त्याच्या टोंकांस योग्य लग दाबून बसविले पाहिजेत. नुसतें पिळून स्क्रूखालीं दाबलेलें टोंक वर्षभरांत सैल होतें व तापूं लागतें.

धातु कोणताही असो, केबल ही आर्मर्डच पाहिजे, म्हणजे जिच्या अंगावर पोलादी तारांचें किंवा पट्टीचें चिलखत आहे अशी. आपल्या जमिनींत घुशी आहेत, उंदीर आहेत, आणि कुदळ मारणारे आपण स्वतः आहों. साध्या नळीचें या तिघांपुढें कांहीं चालत नाहीं. केबल घेतांना भारतीय मानकाची खूण व मापाचे आंकडे तिच्या अंगावर छापलेले आहेत कीं नाहींत, तें पाहावें. ती अखंड घ्यावी, मध्यें सांधा नसावा. पुरलेल्या केबलचे निम्मे रोग सांध्यांत जन्मतात. दुकानदार तुकडे जोडून देऊं लागला तर निमूटपणें परत यावें. वस्तीवरील तीन-चार शेतकऱ्यांनीं मिळून एक ड्रम घेतला, तर प्रत्येकास आपल्या लांबीचा अखंड तुकडा मिळतो व भावही बरा पडतो. सहकाराचा उपयोग एवढ्यातेवढ्यांतही होतो.

वाट आणि वाटणी

केबलची वाट कागदावर आंखल्याशिवाय चर खणूं नये. घर, खोली, विहीर, गोठा, झाडें, पाण्याची पाइपलाइन, शौचकूप व उकिरडा हीं सर्व एका कागदावर काढावीं आणि मग रेघ ओढावी. उकिरड्याखालून व गोमूत्राच्या नाल्याखालून केबल नेऊं नये. तेथील ओल चिलखतास खाते. मोठ्या झाडाच्या मुळांपासून दूर राहावें. पाण्याच्या नळापासून निदान एक फूट अंतर ठेवावें, कारण नळ दुरुस्त करणारा माणूस आपल्या केबलची काळजी घेईलच असें नाहीं. ठिबकसाठीं जेथें वरचेवर खणावें लागतें, ती पट्टी सोडावी. उसाची वाहनें ज्या वाटेनें निघतात, तेथें केबल आडवी न्यावी लागली तर ती सरळ काटकोनांत न्यावी व त्या जागीं जाड नळींतून सव्वातीन फूट खोल घालावी.

वाट आंखतांना आणखी एक गोष्ट पाहावी, जी कोणताही वायरमन सांगणार नाहीं. आज एकत्र असलेलें परस उद्यां भावांभावांत वांटलें जाणार आहे काय? तसें असेल तर आपली केबल दुसऱ्याच्या हिश्शांतून जाणार नाहीं अशी वाट धरावी. चाळीस-पन्नास फूट केबल अधिक लागली तरी चालेल. तें शक्य नसेल तर दोघांच्या सहीचा कागद आजच करून ठेवावा. वाटणीच्या वेळीं विहिरीच्या पाण्यावरून भांडणारे भाऊ दिव्याच्या तारेवरून भांडणार नाहींत, असा भरंवसा कोणीं द्यावा?

चर कसा खणावा

चराची खोली किती असावी, याचें उत्तर भारतीय मानक १२५५ मध्यें दिलें आहे: कमी दाबाच्या केबलचा माथा जमिनीच्या पृष्ठापासून निदान पाऊण मीटर, म्हणजे अडीच फूट, खालीं राहिला पाहिजे, आणि रस्त्याखालीं एक मीटर. नांगरटीच्या जमिनींतून जावयाचें असल्यास आमच्या मतें तेथेंही एक मीटरच धरावा. ट्रॅक्टरचा नांगर फूटभरापर्यंत जातो खरा. परंतु जमिनीचा खालचा कठीण थर फोडण्याचें अवजार दोन फुटांच्याही खालीं पोंचूं शकतें, आणि आज परस असलेली जागा उद्यां वावर होणार नाहीं असें नाहीं.

आपल्या जिल्ह्यांतील जमीन एकसारखी नाहीं. गोदा-प्रवरेच्या कांठीं, नेवासें-श्रीरामपुराकडे, काळी चिकण माती आहे. ती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आक्रसते व फाटते. अशा जमिनींत केबल ताणून घातली तर जमिनीची ओढ थेट तिच्या टोंकांवर येते. म्हणून ती चरांत किंचित् नागमोडी सोडावी, आणि दोन्ही टोंकांस एकेक वेटोळें जादा ठेवावें. हें वेटोळें पुढें टोंक खराब झाल्यास कापून नवें करावयासही उपयोगी पडतें. पारनेर व संगमनेरच्या माळावर मुरूम व खडक. तेथें जमीन हलत नाहीं, पण टोंकदार दगड केबलमध्यें रुततात. दोन्ही जमिनींस औषध एकच. चराच्या तळाशीं तीन इंच चाळलेली वाळू, तीवर केबल, केबलवर पुन्हा तीन इंच वाळू, आणि त्यावर भाजक्या विटा आडव्या लावून झांकण. विटांवर माती थराथरानें दाबून भरावी. पृष्ठापासून फूटभर खालीं धोक्याची रंगीत पट्टी अंथरावी, म्हणजे पुढें खणणाऱ्याचें कुदळ विटेवर आदळण्यापूर्वींच तो सावध होईल. काळी माती पुढील पावसांत बसते, म्हणून चरावर वीतभर उंच वरंबा ठेवावा. नाहीं तर तेथें पाण्याची चरी तयार होते.

केबल वळवितांना तिच्या जाडीच्या बारा पटींहून लहान त्रिज्येंत वांकवूं नये. ती जमिनींतून वर येते तेथें लोखंडी नळीचें संरक्षण द्यावें. मात्र नळीच्या तोंडाशीं रबरी बुच बसवावें. आमची कालवड गेली ती अशाच एका उघड्या कडेमुळें.

हें काम दिवाळीपासून होळीपर्यंतच्या दिवसांत करावें. तेव्हां काळ्या जमिनीस वाफसा असतो, चर सुबक खणला जातो व कडा ढांसळत नाहींत. वैशाखांत ती दगडासारखी होते आणि मृगानंतर चिखल. ज्यांचा माळ निव्वळ खडकाचा आहे, त्यांनीं अर्धवट खोलीचा चर फोडून समाधान मानूं नये. योग्य उंचीचे खांब रोवून वेष्टित तार वरून नेणें त्याहून बरें. आणि खोलींत दोन दिवे व एक पंखाच हवा असेल, तर छपरावर लहान सौर पट्टी बसविणें सर्वांत सोपें.

अर्थिंग: फ्यूज कां उडाला नाहीं

आतां मघांचा उलगडा. आमच्या गोठ्यापाशीं अर्थिंग म्हणून एक लोखंडी सळई ठोकलेली होती, आणि एवढ्यानें आम्ही निर्धास्त होतों. परंतु आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेंत आहे. फाल्गुनापासून जमीन कोरडी पडत जाते, आणि कोरडी माती विजेस वाट देत नाहीं. एकदोन सरींनीं वरचा थर भिजतो, परंतु सळईच्या तळाशीं ओल पोंचावयास वेळ लागतो. त्या सळईचा विरोध ४० ओहम धरला, तर २३० व्होल्टांवर तिच्यांतून अवघे पावणेसहा अँपिअर जातात. वीस अँपिअरचा फ्यूज किंवा एम.सी.बी. एवढ्या प्रवाहास दोन पंख्यांचा व कुट्टीचा नेहमींचा वापर समजतो. तो उडण्याचें कारणच नव्हतें. विरोध १० ओहमवर आणला तरी प्रवाह २३ अँपिअरच होतो. तेवढ्यानेंही तो तास तासभर टिकूं शकतो. इकडे जनावराचे पुढचे व मागचे पाय दूर, खूर ओले, अंग खांबास लागलेलें. माणसास जेथें झिणझिण्या येतात तेथें गाय मरते, ती याच कारणानें.

यावर उपाय म्हणजे आर.सी.सी.बी. नांवाचें यंत्र. गेलेला प्रवाह व परत आलेला प्रवाह यांची तें सारखी तुलना करीत असतें, आणि ३० मिलिअँपिअर इतका प्रवाह जरी वाट चुकून जमिनींत गेला तरी निमिषांत वीज तोडतें. फ्यूज व एम.सी.बी. तारेचें रक्षण करतात; जिवाचें रक्षण करतें तें हें यंत्र. खोलीकडे जाणाऱ्या केबलच्या आरंभींच, घराच्या पेटींत, एम.सी.बी. व आर.सी.सी.बी. दोन्ही बसवावे, म्हणजे केबलही त्यांच्या पहाऱ्यांत येते. खोलींत आणखी एक मेन स्विच असावा, कीं जो तेथल्या तेथें वीज तोडील. आर.सी.सी.बी. वर चांचणीचें बटण असतें. तें दर अमावास्येस एकदां दाबून पाहावें. पावसाळ्यांत तो वरचेवर पडतो म्हणून कित्येक जण काढून टाकतात. भुंकतो म्हणून राखणीचा कुत्रा मारण्यासारखेंच हें आहे. तो पडतो तेव्हां कोठें तरी वीज झिरपत आहे, असें समजून दोष शोधावा.

आर.सी.सी.बी. घातला म्हणून अर्थिंग सोडावयाचें नाहीं. केबलमध्यें अर्थिंगची स्वतंत्र तार घ्यावी, चिलखत ग्लँडच्या द्वारें पेटीस व अर्थिंगास जोडावें, आणि खोलीपाशींही योग्य खड्डा करून इलेक्ट्रोड पुरावा. गोठ्याचे खांब, पत्रा, गव्हाणीचें लोखंड हीं सर्व त्या अर्थिंगास बांधावीं. उन्हाळ्यांत खड्ड्यांत आठवड्यास दोन घागरी पाणी ओतावें. न्यूट्रल व अर्थिंग यांची खोलींत गांठ मात्र कधींही मारूं नये. तसें केल्यास आर.सी.सी.बी. चें काम बिघडतें, आणि न्यूट्रल तुटला तर साऱ्या लोखंडांत वीज उतरते.

दुसरी नळी

चर एकदां खणला जातो. तेव्हां त्याच चरांत दुसरी एक नळी घालून ठेवावी. आज गोठ्यावर कॅमेरा नसेल, मुलास इंटरनेट नको असेल. उद्यां दोन्ही लागतील. ही नळी वीजेच्या केबलपासून एक फूट दूर असावी, नाहीं तर संदेशांत अडथळा येतो आणि दोष झाल्यास वीज दुसऱ्या तारेंत शिरते. नळींत एक नायलॉनची दोरी ओवून दोन्ही तोंडें बंद करावीं. पुढें त्या दोरीनें कोणतीही तार ओढून घेतां येते. तांब्याची जाळ्याची तार १०० मीटरपर्यंत नीट काम देते. त्यापलीकडे, आणि वळवाच्या पावसांत जेथें विजा फार पडतात तेथें, कांचेच्या तंतूची केबल चांगली. कांचेतून विजेचा लोट येत नाहीं.

बुजविण्यापूर्वीं

चर बुजविण्यापूर्वीं तीन गोष्टी कराव्या. पहिली, परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून केबलची मेगरनें परीक्षा करवावी. वेष्टण निर्दोष असल्याचा आंकडा कागदावर घ्यावा, आणि चर बुजविल्यावर तीच परीक्षा पुन्हा करून दोन्ही आंकडे ताडून पाहावे. माती भरतांना झालेली इजा याच वेळीं सांपडते. दुसरी, उघड्या चराचीं छायाचित्रें घ्यावीं. तिसरी, नकाशा करावा. घराचा कोपरा व विहिरीचा कठडा अशा दोन न हलणाऱ्या खुणांपासून केबलच्या प्रत्येक वळणाचें अंतर मोजून लिहावें, वळणावळणावर बांधासारखा एक दगड रोवावा, आणि तो कागद सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर ठेवावा. आपण खणलेला चर आपणांस दहा वर्षें आठवेल. मुलास आठवणार नाहीं, आणि नव्या गड्यास तर तो ठाऊकच नसतो.

आम्हीं दुसऱ्या वेळीं हें सर्व याच क्रमानें केलें. खर्च पहिल्याच्या पुष्कळ पटींनीं आला, हें लपवीत नाहीं. परंतु पहिल्या खर्चांत कालवडीची किंमत, आणि थोडक्यांत वांचलेल्या गड्याची किंमत, आम्हीं धरली नव्हती. तोच गडी आतां दर अमावास्येस आठवणीनें तें बटण दाबतो. आम्हांस सांगावें लागत नाहीं. ज्या वाचकांच्या परसांत आज तार फांदीवरून लोंबत असेल, त्यांनीं येत्या दिवाळीनंतर वाफसा आहे तोंच हें काम हातीं घ्यावें. आणि ज्यांनीं केलें असेल, त्यांनीं आपल्या जमिनीचा अनुभव आम्हांस अवश्य कळवावा, म्हणजे तो इतर बंधूंच्या उपयोगीं पडेल.